सात नंबरची कोरी प्लेट

पेटी आत आणू नका. बाहेर जिन्याच्या कठड्यापाशी ठेवा आणि मग या, बसा. राग मानू नका हं. मी पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी दोन शब्द सुनावतो, असं बायको म्हणते, आणि ती खोटं बोलत नाही. पण ती पेटी या दारातून आत यायची नाही. गेल्या वर्षी मीच ती तुम्हाला विकली, तेव्हा आत काय आहे ते मला वेगळं सांगायला नको.

बारा वाजत आलेत. माझा धाकटा भाऊ दर रविवारी एक वाजता जेवायला येतो. त्याच्या आधी तुम्ही निघालेलं बरं. तेवढ्या वेळात सांगून होईल.

सुऱ्या दाखवतो, पण देणार नाही. या बघा, अकरा आहेत. बारावी शेवटी दाखवेन. हाडाच्या मुठी, पात्यावर नंबर, नंबराखाली पलटणीचं चिन्ह: दोन आडवे भाले आणि वर कोंबड्याचं डोकं. तुमच्या प्लेट्सवर आहे तेच. या एवढ्या सुंदर पात्यांची टोकं कुठल्या अडाण्याने कापली, असं तुम्ही फोटो पाहून फोनवर विचारलंत. तो अडाणी मी.

चार वर्षांपूर्वी मी एका सुपाच्या भांड्यासाठी घराबाहेर पडलो होतो. झाकणाचं, एका पलटणीच्या अधिकाऱ्यांच्या मेसमधलं. आपली, जुन्या वस्तू जमवणाऱ्यांची जात तुम्हाला ठाऊकच आहे. लोकांना सोनं दिसलं की तोंडाला पाणी सुटतं, आपल्याला कुणा मेलेल्या साहेबाची प्लेट दिसली की सुटतं. ही पलटण केव्हाच मोडीत निघाली होती. तिच्या मेसचा शेवटचा खानसामा वारला आणि त्याची मुलगी घर रिकामं करत होती. सत्तरीची, उंच, ताठ बाई. स्वयंपाकघरात साबणाचा वास. सुपाचं भांडं तळाशी तडकलेलं निघालं. मी चरफडत निघालोच होतो, तेवढ्यात ओट्याखाली पेटी दिसली.

त्या बारा प्लेट्स. साय असते तसा रंग, कडेला गडद हिरवा पट्टा, पाठीवर एक ते बारा आकडे. त्या मेसमध्ये प्रत्येक अधिकाऱ्याला आपला नंबर असे. प्लेट त्याची, सुरी त्याची, खुर्ची त्याची. मी एकेक प्लेट खिडकीशी तिरकी धरून पाहिली. ओरखड्यांवरून माणूस कळतो, हे तुम्हाला मी काय सांगणार? उजव्या हाताचा एका बाजूला झुकतो, डावखुरा दुसऱ्या. कुणी हळू कापणारा, कुणी घाईचा. एक नंबरची प्लेट तर नांगरल्यासारखी होती. तो माणूस मांस नाही, प्लेटच कापायला बसायचा की काय, असं मला वाटलं आणि मी हसलोही.

आणि सात नंबर. सातवर एक ओरखडा नाही. कोरी करकरीत. बाकीच्या अकरा तीस-चाळीस वर्षं वापरलेल्या आणि मधेच ही एक, कालच भट्टीतून काढल्यासारखी. मी ती दोनदा उलटसुलट करून पाहिली हो, आनंदाने. मनात म्हटलं, हा सात नंबरचा साहेब कायम रजेवर असणार, नशीबवान लेकाचा.

मग वरच्या फळीवरची घोंगडी तिने खाली काढली. आत सुऱ्या. मी म्हटलं, "दोन्ही घेतो."

"एक काहीतरी घ्या," ती म्हणाली. "प्लेट्स घ्या, नाहीतर सुऱ्या घ्या. दोन्ही एका घरात द्यायच्या नाहीत. वडिलांनी बजावून ठेवलंय."

"का पण?"

"जेवणाच्या टेबलावरची गोष्ट आहे ती. विचारू नका."

मी गोड बोललो, चिडलो, पुन्हा गोड बोललो. बाई हलेना. शेवटी प्लेट्स घेऊन घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी धाकट्याला पाठवलं.

धाकट्याबद्दल सांगायला हवं. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, त्याला न्हाऊमाखू मी घातलं, सायकल मी शिकवली. धंदा धार लावायचा. डॉक्टरांच्या कात्र्या, शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे, सगळं त्याच्याकडे. उजव्या हाताचा अंगठा पात्यावरून नुसता फिरवला की धार कुठे बसली ते सांगायचा. सदा हसरा. आणि प्रत्येक वाक्याला 'दादा'. दादा हे बघ, दादा ते बघ. कधी कधी मला वीट यायचा त्या 'दादा'चा.

"दादा, म्हाताऱ्या बाईला फसवायचं का?" तो म्हणाला.

"फसवायचं कसलं रे? वस्तू विकत आणायची."

गेला बिचारा. मला आजवर कशालाच नाही म्हणाला नव्हता. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, पण सुऱ्या घेऊन आला.

बाराही सुऱ्यांची टोकं कापलेली होती. झिजलेली नव्हेत, तुटलेली नव्हेत. कानसीने घासून सरळ बोथट केलेली. मी संध्याकाळभर डोकं धरून बसलो. कुठल्या गाढवाने केलं हे, बारा म्हणजे बारा पाती बोडकी करून टाकली, असं मी दहा वेळा म्हणालो असेन. धाकटा ऐकत होता. "साफ करून देतो, दादा," म्हणून सुऱ्या आपल्या कारखान्यात घेऊन गेला. पुढच्या रविवारी माझा पंचावन्नावा वाढदिवस होता.

पठ्ठ्याने आठवडाभर खपून बाराही पात्यांना पुन्हा टोकं काढली. माझ्याकडच्या जुन्या कॅटलॉगातलं चित्र समोर ठेवून. मला खूश करायला. यात दुष्टपणा कुठे होता का, तुम्हीच सांगा. तुम्ही असता तर हेच केलं असतं. मोडलेलं दिसलं की जोडायचं, बोथट दिसलं की टोक काढायचं. कुणी मुद्दाम मोडून ठेवलं असेल, हे आपल्या टाळक्यात येतच नाही.

आणि संच पुरा झाला की तो एकदा पूर्ण मांडायचा आणि त्यात जेवायचं, हा आपल्या लोकांचा नाद. मांडला कारखान्यातल्या लांब टेबलावर, माझं टेबल पुरेना म्हणून. भर दुपार होती. मोठ्या खिडक्यांतून ऊन आत आलेलं. या बाजूला एक ते सहा, समोर सात ते बारा. एकच्या बरोबर समोर सात. बारा खुर्च्या आणि जेवणारे आम्ही चौघं: मी, माझी बायको, धाकटा आणि त्याची बायको. आठ जागा रिकाम्या, पण प्लेट आणि सुरी सगळीकडे मांडलेली. मी अर्थातच एक नंबरवर बसलो. माझा वाढदिवस, माझा संच.

"दादा, ही कोरी मला," म्हणत धाकटा सातवर बसला. माझी बायको माझ्या शेजारी, भावजय त्याच्या शेजारी. भाजलेलं मांस होतं, बटाटे, पाव. टेबल अरुंद, हात लांब केला तर समोरच्याच्या प्लेटला लागेल एवढं.

मी सुरी उचलली आणि पहिला तुकडा कापला. कर्र... असा आवाज झाला, सुरी प्लेटवर घासल्याचा. मला वाटलं माझीच. पण तो माझ्या डाव्या बाजूने आला होता, टेबलाच्या त्या टोकाकडून, जिथे कुणी नव्हतं.

मी थांबलो. आवाज थांबला.

पुन्हा कापायला लागलो. कर्र, कर्र... आता एक नाही. तीन, चार, मग सगळ्याच. आठ रिकाम्या जागांवरून सुऱ्या चालण्याचा आवाज. सुऱ्या मात्र हलत नव्हत्या, उन्हात जशाच्या तशा पडून होत्या. बायकोने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ऐकलंत...?" ती हळूच म्हणाली.

वास यायला लागला होता. ओल्या लोकरीचा, बुटांच्या पॉलिशचा, करपलेल्या चरबीचा. भावजय नाकाला पदर लावून इकडेतिकडे बघत होती. धाकट्याला मात्र काही कळलेलं नव्हतं. त्याने अजून सुरीला हातही लावला नव्हता. तो आमच्या लहानपणीची कसलीशी फजिती सांगत होता आणि हसत होता.

आणि मला राग आला.

हे कसं सांगू? मी रागीट आहे, सगळं गाव ओळखतं. पण माझा राग फटकन येतो, दोन भांडी आपटली की जातो. हा तसा नव्हता. हा पोटातून थंडपणे वर चढत आला, आणि तो जुना होता, माझ्या जन्माच्या आधीचा. समोरच्या माणसाचे हसताना दिसणारे दात, त्या दातांमागची जीभ. हा माझ्या टेबलावर हसतो. माझ्या टेबलावर, मी सुरी उचलल्यावर. मला त्याची मान दिसत होती आणि मानेवर कुठे टोक आत जाईल ती जागाही दिसत होती.

"हसतोस कुणाला?" मी म्हणालो. आवाज माझा नव्हता.

"अं? दादा...?"

तो अजून अर्धवट हसतच होता. मिठासाठी त्याने हात पुढे केला होता. उजवा हात. मी सुरी वर नेली आणि सगळा जोर लावून खाली आणली.

नवं टोक त्याच्या हातातून आरपार जाऊन लाकडात रुतलं. हाडाशी एकदा अडलं, ते मला मुठीत कळलं, आणि मी आणखी दाबलं. भावजय किंचाळली. आणि तुम्हाला सांगतो, त्या आठ सुऱ्या थांबल्या नाहीत. उलट घाईने चालायला लागल्या, भुकेलेली माणसं वाफाळतं जेवण समोर आल्यावर चालवतात तशा.

मी सुरी उपटली. रक्त माझ्या तोंडावर उडालं, गरम होतं. दुसऱ्या हाताने त्याची कॉलर धरली आणि त्याला टेबलावरून माझ्याकडे ओढला. बटाटे, पाव, पाणी सगळं सांडलं. त्याची हनुवटी माझ्या प्लेटमध्ये आणि माझ्या सुरीचं टोक त्याच्या कानाखाली. त्याने प्रतिकार केला नाही हो. लहानपणी ताप आला की माझ्याकडे बघायचा तसा बघत राहिला.

"दादा," तो म्हणाला, "मी आहे..."

मला माहीत होतं तो कोण आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. कुणी अंगात शिरलं होतं, मला भान नव्हतं, असं सगळे समजतात. मला पूर्ण भान होतं. हा माझा धाकटा आहे, याला मी सायकल शिकवली, हे सगळं मला कळत होतं. आणि त्याने काही फरक पडत नव्हता. मी टोक दाबलं. कातडीतून रक्ताचा थेंब आला.

मागून माझ्या बायकोने माझी खुर्ची ओढली. तिला काही ठाऊक नव्हतं, जे हाताला आलं ते तिने ओढलं. मी तोल जाऊन धडपडत उभा राहिलो.

त्याच क्षणी आठ रिकाम्या खुर्च्या एकदम मागे सरकल्या.

सगळ्या एकाच वेळी, एकाच अंतराने, फरशीवर एकच आवाज. मग काही नाही. सुऱ्या थांबल्या, वास गेला. राग असा गेला की जणू नव्हताच, आणि माझ्या हातातली सुरी खाली पडली.

दवाखान्यात धाकट्याने सांगितलं, धार लावताना सुरी निसटली. कान लालभडक. डॉक्टरने माझ्या शर्टाकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. हाताच्या शिरा तुटल्या होत्या. तेव्हापासून त्याच्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. धार लावायचा धंदा करणाऱ्या माणसाची. चाकावर आता दुसरा कारागीर बसतो, हा नुसता शेजारी स्टुलावर असतो. आणि चार वर्षांत एक वावगा शब्द नाही बोलला मला. शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर माझा जीव भांड्यात पडला असता. पण नाही. दर रविवारी येतो, डाव्या हाताने चमच्याने जेवतो आणि म्हणतो, दादा, आमटी छान झालीय. मी उठून त्याला आणखी वाढतो.

त्या बाईकडे मी पुन्हा गेलो. दार उघडून तिने माझं तोंड पाहिलं. "भावाला पाठवलं होतंत ना?" ती म्हणाली. "कान लाल झाले होते त्याचे. मला कळायला हवं होतं."

मग तिने सांगितलं. अशीच दुपार होती. एक नंबर म्हणजे पलटणीचा प्रमुख. त्या मेसचा नियम होता की एकने सुरी उचलली की सगळ्यांनी जेवायला लागायचं, आणि तो उठेपर्यंत कुणी थांबायचं नाही, कुणी उठायचं नाही. सात नंबरचा तरुण अधिकारी पहिला घास घ्यायच्या आधी कशावरून तरी हसला. एकने विचारलं, हसतोस कुणाला? आणि टेबलावरून ओढून त्याचा गळा कापला. तिचे वडील सुपाचं भांडं धरून मागे उभे होते. बाकीचे दहा जण जेवत राहिले. सातचे पाय खाली आपटत होते आणि दहा सुऱ्या चालत होत्या. एकने जेवण संपवलं, सुरी पुसली, उठला. तेव्हा दहा खुर्च्या मागे सरकल्या.

त्याच संध्याकाळी खानसाम्याने कानस घेऊन बाराही टोकं घासून टाकली. "त्या दुपारनंतर सात नंबरवर कधी कुणी जेवलंच नाही, तिच्यावरचे जुने ओरखडेही गेले," बाई म्हणाली. "जो बसेल त्याला ती जेवू देत नाही. कोरी म्हणजे तेवढंच."

मी धाकट्याच्या चाकावर स्वतःच्या हाताने पुन्हा टोकं कापली. म्हणून ही अशी वाकडी. सुऱ्या लोखंडी कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. प्लेट्स दुसऱ्या घरात जाव्यात म्हणून तुम्हाला विकल्या. फेकून द्यायला मात्र हात होईना. आपल्या जातीचा होत नाही.

आता ही बारावी. सात नंबर. मागच्या आठवड्यात गंज चढू नये म्हणून तेल लावायला कपाट उघडलं, तेव्हा पाहिली. बघा, हात लावू नका. टोक आहे. आणि बाकीच्यांशेजारी धरतो, बघा, बोटभराने लांब आहे. घासलं की पातं कमी होतं, धाकटा लहान मुलांनाही सांगायचा. पोलाद परत वाढत नाही हो...

काय म्हणालात? कोऱ्या प्लेट्सचे आभार कसले मानता?

दोन? नाही, नाही. कोरी एकच आहे त्यात. सात. मी तिरकी धरून पाहिल्यात सगळ्या, तुम्हाला देतानाही पाहिल्यात.

दुसरी कुठली...? नीट आठवून सांगा. एक? एक नंबरची प्लेट तर नांगरलेली होती, तिच्यावर जागा नव्हती ओरखडा उठायला. कालच धुतलीत? आणि काही नाही तिच्यावर? एकही नाही?

ती माझी प्लेट होती. मी बसलो होतो तिच्यावर.

थांबा. जिन्यावर पावलं वाजतात. धाकटा... एक तर वाजायचा आहे अजून. ती पेटी बाहेर आहे ना, उठा, तुम्ही उठा आणि ती खाली...

"बाहेर कुणी ठेवली ही? आत आणतो."

"नको, धाकट्या! तिथेच ठेव ती. ऐकतोस का? अरे..."

आणलीच त्याने. बघा, दोन्ही कड्या धरून आणली, डाव्या आणि उजव्या हाताने. उजव्या हाताची बोटं बघा तुम्ही, कडीभोवती घट्ट मिटलीत. चार वर्षं मी याच एका गोष्टीसाठी रोज हात जोडतोय, मिटू देत त्याची बोटं. मिटली! अगं, बाहेर ये, याचा हात बघ! धाकट्या, अरे हात... डोळ्यांत पाणी आलं बघा माझ्या, आणि हसू आवरत नाही. टेबलावरचं काय उचलतोस? ती सात नंबरची सुरी राहू दे, मी ठेवतो. दादाकडे बघ ना...

"हसतोस कुणाला?"